चूक माझी, कबुली ज्ञानदेवरावांची

सन्माननीय अध्यक्ष श्री. विश्वजीतराव, ज्यांच्यासाठी आपण सगळे दुपारची झोप मोडून इथे जमलो ते सत्कारमूर्ती श्री. ज्ञानदेव काळभोर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. दीपमालावहिनी, सूत्रसंचालन करणाऱ्या शेफालीताई, आणि समोर बसलेल्या, ज्यांचे ज्यांचे कॉम्प्युटर आजवर कधी ना कधी बंद पडले अशा सर्व बंधुभगिनींनो, नमस्कार.

शेफालीताईंनी आत्ता माझी ओळख ‘ज्येष्ठ साहित्यिक’ अशी करून दिली. छापायच्या मजकुरात असतं तर मी खोडलं असतं. मी साहित्यिक नाही. मी मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडर. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका लाल पेनाने काढायच्या, एवढंच मी चाळीस वर्षं केलं. मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे. कारण सत्कार वगैरे ठीक आहे, पण मला ज्ञानदेवरावांची एक माफी मागायची आहे. ती गेली तीन वर्षं राहून गेली. येत्या रविवारी शनिवार पेठेतलं त्यांचं दुकान कायमचं बंद होतंय आणि ते लोणी काळभोरला आपल्या घरी, शेतावर जाताहेत. त्यानंतर कुठे मागणार?

तर आधी दुकानाबद्दल. पाटीवर ‘कॉम्प्युटर रिपेअर’ एवढंच. आत एक टेबल, भिंतीला टांगलेल्या वायरी, आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्या स्टुलावर आपण सगळे बसलो आहोत. कारण ज्ञानदेवरावांचा नियम होता, मशीन ठेवून जायचं नाही. मालकाने शेजारी बसायचं. एकेक फोल्डर दाखवून ते विचारणार, “ह्ये काय हाय? ठेवायचं का काढायचं?” आपण कंटाळून म्हणावं, “अहो, सरसकट फॉरमॅट मारा.” तर म्हणायचे, “मारायला मिनिट लागतंय साहेब. आधी बघून तर घ्या.” लोकांचे दोन-दोन तास जायचे. कोणी रागवायचे. पुण्यात रागवायला कारण लागतंच असं नाही.

अध्यक्षमहाराजांचा किस्सा त्यांच्या परवानगीशिवाय सांगतो. खंडेनवमीला यांच्या घरी कॉम्प्युटरची पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, वरून अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी मशीन दहा मिनिटांत तापून बंद. अध्यक्षमहाराज दुकानात येऊन म्हणाले, मोठा व्हायरस शिरलाय. ज्ञानदेवरावांनी कॅबिनेट उघडलं, पंख्याच्या पात्यातून तांदळाचे तीन दाणे काढले आणि यांच्या तळहातावर ठेवले. “ह्यो तुमचा व्हायरस. पुढल्या वर्षी अक्षता मॉनिटरवर टाका.” त्या वर्षीपासून अध्यक्षांच्या घरी पूजा मॉनिटरची होते. हसताय काय, विचारा त्यांना.

आता माझं. माझी पत्नी नंदा घरी मराठी टाइपिंग करायची. प्रबंध, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, कोणाच्या आजोबांचं आत्मचरित्र. ती टाइप करायची आणि मी तपासायचो. एकाच खोलीत दोन टेबलं. ती कागद सरकवायची, मी लाल खुणा करून परत सरकवायचो. लोक म्हणायचे, काय छान जोडी आहे. मी आयुष्यभर तिचं वाचलं खरं, पण चुका सापडतात का ते बघायला वाचलं. दुसऱ्या कशासाठी तिचा कागद हातात धरल्याचं मला आठवत नाही. हे आता फार लागतं.

नंदाला जाऊन सात वर्षं झाली. तिचा कॉम्प्युटर तिच्या टेबलावर तसाच राहिला. मला तो चालवता येत नव्हता. बटण दाबायचं एवढं येत होतं. सकाळचा चहा झाला की मी तो सुरू करायचो. पंखा घरघरायचा आणि काळ्या पडद्यावर यायचं की तारीख-वेळ हरवली आहे, पुढे जायला एफ-वन दाबा. मी दाबायचो. मग कोपऱ्यात तारीख दिसायची, एक जानेवारी दोन हजार नऊ. रोज तीच. आतला बटणाएवढा सेल संपला की मशीनला आजची तारीख लक्षात राहत नाही, ते आपल्या जन्मवर्षावर परत जातं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की दोन हजार नऊ आहे. दोन हजार नऊमध्ये नंदा होती. मी चष्मा पुसून पाच-दहा मिनिटं तिथे बसायचो. पडद्यावर तिचा एक फोल्डर होता, नाव ‘हात’. त्यात काय आहे हे मी कधी उघडून पाहिलं नाही. धीर झाला नाही. तो दिसतोय, तिथे आहे, एवढ्यावर माझी सकाळ जायची.

आवाज फारच वाढला तेव्हा मी ज्ञानदेवरावांना घरी बोलावलं. त्यांनी धूळ काढली, पंखा बदलला, रॅमची पट्टी खोडरबराने घासून बसवली. मग म्हणाले, “साहेब, सेल गेलाय. घालू का नवा?” मी म्हणालो, नको. ते म्हणाले, “तारीख चुकीची असली तर इंटरनेट धड चालणार न्हाई.” मी म्हणालो, मला कुठे जायचंय? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या तारखेकडे पाहिलं, आणि कॅबिनेटचे स्क्रू लावून टाकले. पुन्हा तो विषय काढला नाही.

दोनच दिवसांनी मी मशीन सुरू केलं आणि फोल्डर उघडायला गेलो. हो, त्या दिवशी मात्र गेलो. नंदाचं श्राद्ध होतं, काय वाटलं कोण जाणे. तर फोल्डरच्या चित्राला एक छोटा बाण आलेला आणि दाबलं की एक चौकट यायची, उघडत नाही. आजूबाजूच्या सगळ्या फोल्डरना तसेच बाण. रिक्षा केली, कॅबिनेट मांडीवर घेतलं आणि दुकानात पोचलो. दुकानात चार-पाच माणसं होती. त्यांतली दोघं-तिघं आत्ता समोर बसली आहेत, ती खाली बघताहेत. त्या सगळ्यांसमोर मी ज्ञानदेवरावांना काय म्हणालो ते इथे जसंच्या तसं सांगतो. मी म्हणालो, “परवा तुम्ही हात लावलात आणि आज सगळं गेलं. माझी बायको एकदा गेली होती, तुम्ही तिला दुसऱ्यांदा पुसून टाकलंत. धंदा बंद करा.”

ज्ञानदेवराव, बसा. मध्ये उठू नका. “ऱ्हाऊ द्या साहेब” म्हणताहेत. राहू द्यायचं नाही. बसा तुम्ही.

त्यांनी आवाज चढवला नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, “माझ्याकडनं काय तरी ऱ्हाईलं असंल. बसा साहेब, बघतो.” आणि स्टूल पुढे ओढलं. मी बसलो. त्यांनी एक काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप केली, आणि बाणवाल्या फोल्डरच्या शेजारी खरे फोल्डर उमटले, जरा फिकट रंगाचे. “गेल्यालं न्हाई काही. व्हायरसनं लपवलं हुतं, वर खोटी चित्रं लावली हुती.” मग म्हणाले की हार्ड डिस्क कट्कट् वाजतेय, ती फार दिवस टिकणार नाही, आधी सगळं त्यांच्या मशीनवर उतरवून घेऊ. उतरवलं. ‘हात’ उघडला. आत एकच फाइल. ती त्यांच्या मशीनवर उघडली आणि मी पुन्हा संपलो. पानभर नुसता कचरा. डोक्यावर टिंबं दिलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाची खूण, अर्धे कंस. चारशे पानं तशीच. माझ्यासारख्या मुद्रितशोधकाने, ज्याने हयातभर अक्षरं ओळखायची भाकरी खाल्ली, त्याने ते पाहून सांगितलं की सगळं नासलं, पुसून टाका.

ते पुसायला एका बोटाचं काम होतं. त्यांनी पान वर-खाली केलं आणि म्हणाले, “साहेब, ह्यो व्हायरस न्हाई. ह्ये मराठीच हाय. जुना फाँट हाय, माझ्या मशीनला त्येची वळख न्हाई.” मग माळ्यावरून डबा काढला. बंद पडलेल्या एका छापखान्याच्या सीड्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. अकरावी का बारावी सीडी लागली. फाँट चढवला, आणि पडद्यावर नंदाची पहिली ओळ आली: ‘आज बोटं फार कडक आहेत. थंडी.’

काय होती ती फाइल? दुसऱ्यांचं काम सुरू करण्याआधी ती हात मोकळे व्हावेत म्हणून रोज चार ओळी टाइप करायची. मनात येईल ते. म्हणून नाव ‘हात’. नऊ वर्षांच्या चार-चार ओळी. मंडईत मटार कोवळे होते. शेजारच्यांच्या प्रबंधात सहा वेळा तेच वाक्य आहे, सांगावं की नाही? आज हे दोनदा ओरडले, एकदा बरोबर होतं. मी त्या स्टुलावर बसून वाचत होतो आणि ज्ञानदेवरावांनी शटर अर्धं खाली ओढलं, गिऱ्हाइकांना बाहेरच थांबवलं. मला तिची इतकी आठवण आली की मला लाज वाटली. अहो, शेजारच्या टेबलावर रोज हे चाललं होतं आणि मी तिच्या वेलांट्या तपासत होतो.

पुढे त्यांनी ती फाइल नव्या लिपीत बदलून दिली, फोनवरही वाचता यावी म्हणून. पण बदलताना काही रफार उडाले, काही जोडाक्षरं फुटली. सवयीने मी लाल पेन उघडलं आणि हात थांबला. यातल्या चुका मशीनच्या कुठल्या आणि नंदाच्या कुठल्या? मशीनची सुधारायला हरकत नव्हती. तिची सुधारायची मला इच्छा नव्हती. मग ज्ञानदेवरावांनी माझ्याशेजारी बसून सबंध चारशे पानं जुन्या फाँटशी ताडून पाहिली. रोज दुपारी दहा पानं, सव्वा महिना. तिच्या चुका जशाच्या तशा ठेवल्या. ‘कंटाळा’ हा शब्द ती शेवटपर्यंत चुकीचा टाइप करायची. तो तसाच आहे. त्या सव्वा महिन्यात मी घरी जेवायला कोणी नाही हे विसरून जायचो, कारण दुपारी ती बोलायची.

आता माफीचं. त्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी मी नंदाचा फोटो एका झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून पेनड्राइव्हवर आणला होता. तिचा फोटो तिच्या कॉम्प्युटरवर दिसावा असं वाटलं. झेरॉक्सवाल्याने दाखवलं होतं तसा लावला, पाहिला, काढला. पुढे काही महिन्यांनी मेहुणीला एक प्रत हवी होती म्हणून तोच पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा त्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने लावला आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या फोल्डरना बाण आले. तो म्हणाला, “काका, सगळ्यांच्याच पेनड्राइव्हला होतं. आमच्या मशीनला आहेच तो व्हायरस.” मग आठवलं, ‘हात’ उघडला त्याच दिवशी ज्ञानदेवरावांनी माझ्या खिशातला पेनड्राइव्ह मागून घेतला होता, साफ करून कागदात गुंडाळून परत दिला होता आणि म्हणाले होते, “ह्यो बाहेर कुटं लावत जाऊ नका.”

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. व्हायरस मी आणला होता, तिचा फोटो घेऊन येताना. चार लोकांसमोर त्यांनी माझी चूक स्वतःकडे घेतली आणि तीन वर्षांत एकदाही बोलून दाखवली नाही. त्या लोकांतले दोघं त्यानंतर त्यांच्याकडे आले नाहीत, दुसरीकडे गेले. हेही मला माहीत होतं. मी दर महिन्याला दुकानात जायचो, आज सांगू म्हणून. चहा पिऊन परत यायचो.

नंदाच्या फाइलमध्ये, तीनशे अठराव्या पानावर, एक ओळ आहे. मी ती कोणाला वाचून दाखवली नाही, ज्ञानदेवरावांनी मात्र ताडताना वाचली आहे. ती वाचतो: ‘यांना स्वतःची चूक कबूल करता येत नाही. लाल पेन यांच्याच हातात. मी गेल्यावर यांना कोण सांगणार?’

ती वाचून ज्ञानदेवरावांनी त्या दिवशी पान पुढे सरकवलं. व्हायरस कोणी आणला ते त्यांना तेव्हाच म्हणता आलं असतं.

सभागृह दिल्याबद्दल मंडळाचे, अध्यक्षांचे, शेफालीताईंचे आभार. दीपमालावहिनी, तुमचे वेगळे आभार; सव्वा महिना दुपारचा डबा तुम्ही दोघांचा पाठवलात. माझ्या भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर श्रोत्यांनी पोटात घालावं. पण ज्ञानदेवराव, तुम्ही पोटात घालू नका, फार घातलंत. तुमच्याकडून काहीही राहिलं नव्हतं. नंदाला पुसायला निघालो होतो तो मी, आणि वाचवलंत तुम्ही. सगळ्यांसमोर तुम्हाला बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी होती. मला माफ करा.