शेवंताची कोंबडी

"शेवंतानं एकुलती एक कोंबडी कापली म्हणं, अन् वरून..."

झरी गावात नवीनच बसलेल्या हापशावर एवढं कानावर पडलं, तोवर बोलणारीचा हंडा भरला आणि ती गेली निघून. आता मला कुठं चैन पडतंय? रश्शाच्या आशेनं वाटी घेतली अन् शेजारी शेवंताकडं शिरले.

बघते तर कोंबडी तिच्या मांडीवर, जिवंत. गळ्याखाली काळ्या दोऱ्याचे टाके.

शेवंता म्हणाली, "आक्का, घरातला कापूस सरकीसकट गिळला हिनं. गळ्याखालची पिशवी दगडावानी झाली. मरायलीच होती, म्हणून दाढीच्या पत्तीनं चिरलं, बोळा काढला अन् शिवून टाकलं."

"कुठं शिकलीस गं हे?"

"गोधडी शिवतेच की. वाटी आणली ते लय बरं झालं. पाणी पाजून बघू. टाक्यातून गळलं तर संपलं. हिच्या अंड्यावरच घरात तेल-मीठ येतंय."

तिनं वाटीत पाणी ओतलं अन् वाटी चोचीपुढं धरली. कोंबडीनं चोच बुडवली, मान वर केली. आम्ही दोघी श्वास रोखून टाक्यांकडं बघत राहिलो. एक थेंब बाहेर आला नाही.

दारात बायका जमल्याच होत्या. "खरंच कापली का वो?"

"कापली," मी म्हणाले, "आता पाणी प्यायलीय."