भट्टीमागचं तळं

मोठ्या चिलापी माशांचं तळं संघपालला अखेर कळलं. पण ते कळलेलंच नाही, असं धरून चालू. सलग चार रविवार गळाला बोटभर चिलापीच लागलेला हा गडी फरीदाबादच्या मेट्रोत उभा होता. शेजारी दोन निवृत्त फौजी मराठीत बोलत होते.

“सुभेदारसाहेब, जरा हळू.”

“अरे बबन, इथे आपलं मराठी कोणाला कळतंय? ऐक. तळ्यात आधी मरळ आहे का बघायचं.”

“पण आपल्याला तर चिलापी हवी ना?”

“मरळ चिलापीची पिल्लं खाते. जी उरतात त्यांना पोटभर मिळतं. मग एकेक चिलापी ताटाएवढी!”

“म्हणजे मरळ फॅमिली प्लॅनिंगवाली?”

“बिल्कुल. तेही बिनपगारी! बल्लभगडच्या बंद वीटभट्टीमागचं तळं तसंच आहे.”

“वा साहेब! तीन वर्षं शोधलंत, पण काय शोधलंत!”

“आणि गळाला काय लावता, काका?” संघपालच्या तोंडून निघून गेलं.

दोघांनीही वळून त्याच्याकडे पाहिलं.

“साहेब, हा आपल्यातलाच निघाला,” बबन पुटपुटला.

सुभेदारांनी पाठ ताठ केली.

“गांडूळ. आणि आपणास विनंती करण्यात येते की, सदर तळ्याची माहिती पुढचं स्टेशन येण्यापूर्वी विसरण्यात यावी.”