एका बोटाने

— अहो, थांबा, थांबा! मोटरसायकल तिरकी करून फाटकाच्या दांड्याखालून कुठे घालताय? गाडी लांब आहे म्हणता? लांबच दिसते ती. एकोणतीस वर्षं मालगाडी चालवलीय मी, माझं ऐका जरा. ड्रायव्हरला तुम्ही दिसालही — पण दिसून काय उपयोग? अठ्ठावन्न डबे, काठोकाठ खडी. ब्रेक मारला की काय होतं? नळीतली हवा सुटते, एकेका डब्याला निरोप पोचतो — तोवर पुढचे थांबायला बघतात, मागचे ढकलतच असतात. शिवाय लोखंडावर लोखंड. चाक रुळाला टेकतं किती? एवढं, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं. उभी राहायला किलोमीटरभर लागतो, कधी जास्तच. आणि बाजूला घ्यायची तर सोयच नाही. ब्रेक मारायचा, भोंगा दाबून धरायचा आणि बघत बसायचं.

हसू नका हो. माझा मेहुणाही असाच हसायचा. बायकोचा धाकटा भाऊ — आई गेल्यावर तिनेच वाढवलेला, एकोणीस वर्षांचा. याच फाटकावर, तिथे, त्या खांबापाशी. सायकल घेऊन खालून आला. मला वाटलं, जाईल पार. तर हा रुळांमध्ये उभाच राहिला! माझ्या खिडकीला पिवळा टॉवेल असायचा ना, लांबून ओळखायचा — दाजींची गाडी. मी ब्रेक केव्हाच मारला होता. आणि त्याने हात वर केला — एक बोट वर. हसत होता.

चौकशी झाली, मी निर्दोष सुटलो. नोकरी मीच सोडली. पण बायको विचारते — दिसला होता ना तुम्हाला? मग थांबवली का नाही? ही हवा, हे नख, हे डबे, सगळं शंभरदा सांगितलंय तिला. पाठ झालंय आता तिचं. मग ती दुसरंच विचारते — तो पळाला का नाही हो? भित्रा होता लहानपणापासून, पळाला का नाही?

ते मला माहीत आहे. आदल्या रविवारी दोघं अंगणात त्याच्या सायकलची चेन बसवत होतो. म्हणाला, दाजी, एवढं धूड तुमच्याच्याने थांबतं तरी का? आणि मी — बढाई हो, दुसरं काय — म्हणालो, अरे, तू नुसता समोर उभा राहा, एका बोटाने थांबवतो की नाही बघ.

ती स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं नाही. सात वर्षं झाली, मी सांगितलेलं नाही. रोज या वेळेला इथे येऊन बसतो, तुमच्यासारखा कुणी दिसला की हवा, नख, डबे सुरू करतो. बोटाचं मात्र आजवर कुणाला —

गेली बघा गाडी. उघडलं फाटक. माझ्याकडे काय बघताय? मागचे हॉर्न वाजवतायत. जा तुम्ही. जा म्हणतो ना.