न मोजलेले आटे

स्क्रू फिरवताना मी आटे मोठ्याने मोजतो म्हणून हसता ना, तर ऐका.

मिलमधला आपला दिनेश गेला, त्याला तेव्हा महिना झाला असेल. लोधीपुऱ्यातल्या त्याच्या घरून वहिनींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, यांची ती रिमोटची गाडी एक बार चालू करून द्या. इतकी वर्षं मी त्या आवाजावरून यांच्याशी भांडले, आता घर खायला उठतं."

गेलो. गाडी खेळण्यातली, हातभर, पण इंजिन खरं, इंधनावर चालणारं. दोरी ओढून ओढून हात दुखले, इंजिन सुरू होईना. मी फिटर माणूस, म्हटलं कार्बोरेटरच असणार. इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू पूर्ण आवळला आणि अंदाजाने परत सोडला. तरी तेच. मग लक्षात आलं, प्लग तापवायची बॅटरीच उतरली होती. महिनाभर चार्ज कोण करणार? बुधवाऱ्यातल्या एका दुकानातून चार्ज करून आणली, आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू.

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "ही अशी नव्हती वाजत."

मी स्क्रू थोडा आवळला, थोडा सोडला. त्या दर वेळी मान हलवत राहिल्या. दिनेशने दोन वर्षं केसाकेसाने फिरवून तो बसवला होता. मिलमध्ये साधा व्हॉल्व्ह बंद करतानाही आम्ही आटे मोजतो, परत तेवढेच उघडता यावेत म्हणून. त्या दिवशी मी मोजले नाहीत.

"पहिल्यासारखं करा ना," वहिनी म्हणाल्या.

"जमणार नाही, वहिनी."

"मग बंद करा. ही आता तुमची गाडी झाली, घेऊन जा."