समोरचीचे क्रॅकर मऊ का पडतात

…आणि वर मलाच म्हणते, "काकू, तुम्ही जरा बसा हो!" बसा! मला! अहो, दाराला दार लागून राहतोय आम्ही, तिच्याकडे दूध उतू गेलं तर पहिला वास मला येतो, गॅस बंद करायला पहिली मी धावते, आणि मला म्हणते बसा! का? तर म्हणे, "तुम्ही मागे उभ्या राहिलात की मला घाई होते." ऐका! जी बाई नळ बंद करायला उठते आणि वाटेत तीन कामं आटपून मग नळापाशी पोचते, तिला माझ्या नुसत्या उभं राहण्याने घाई होते! पण जाऊ दे. मला काय करायचंय म्हणा!

तुम्हाला सांगते, हे सगळं रामायण कशावरून? तर क्रॅकरवरून. क्रॅकर! नाव बघा केवढं, आणि वस्तू काय? खारं बिस्किट! चपटं, चौकोनी, भोकं पाडलेलं खारं बिस्किट. दुकानात पुडेच्या पुडे रचून ठेवलेत, पैसे टाकले की हातात. पण नाही! समोरची ते घरी करणार. मोबाइलवर कुठली तरी बाई बघितली, लाकडी टेबल, फुलांचा ॲप्रन, पीठ मळतेय आणि नखालासुद्धा पीठ नाही! मी म्हटलं, "अगं, हिच्यामागे भांडी घासायला चारजणी उभ्या असतील, त्या दिसत नाहीत तेवढंच." तर म्हणते, "काकू, त्याच्याबरोबर डिपही करणार आहे." डिप म्हणजे काय? तर वाटीत काहीतरी लगद्यासारखं, त्यात हे बिस्किट बुडवायचं. एवढा जीव काढून कोरडं खडखडीत करायचं ते कशाला? ओलं करायला! आहे काही अक्कल? पण मला काय करायचंय म्हणा!

आता तुम्ही विचाराल, एवढा अट्टहास कशापायी? तर नणंद. समोरचीची नणंद दातांची डॉक्टर आहे. ही बाई तुमच्याशी बोलते तेव्हा नजर तुमच्या डोळ्यांत नसते, दाढेत असते. मी तर तिच्यासमोर तोंड मिटून हसते. तर ही नणंद भावाकडे येते, बसते, आणि बसल्या बसल्या पर्सची चेन ओढून आतून डबा काढते. स्वतःचा! दुकानातल्या क्रॅकरचा! "तू काही करू नकोस गं, मी माझं आणलंय." दर वेळी! लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा समोरचीने केक केला होता, तो आतून कच्चा निघाला. झालं! त्या दिवसापासून बाईंनी या घरातला कण तोंडात घातलेला नाही. समोरची दर वेळी बशी भरून पुढे ठेवते, बशी तशीच आत जाते, आणि मग ही ओट्यापाशी उभ्याउभ्या ते एकटीच खाऊन संपवते, पाठ दाराकडे करून. मला कसं माहीत? अहो, माझी खिडकी तिच्या स्वयंपाकघरावरच उघडते! मी काय डोळे काढून ठेवू?

तर या खेपेला समोरचीने ठरवलं. रविवारी नणंद येणार, तिच्या पर्समध्ये जे असतं तेच घरी करून समोर ठेवायचं, बघू कशी नाही म्हणते! म्हटलं, बाई गं, केक जमला नाही म्हणून सोप्पं काही करावं, तर ही निघाली आणखी अवघड करायला. पण म्हणते कशी, "काकू, एकदा. एकदाच त्यांनी माझ्या हातचं खावं." आता असं कोणी म्हटल्यावर काय बोलणार? मी म्हटलं, "मी आहे ना!" एवढंच म्हटलं हो. तर तिचा चेहरा उतरला. का कोण जाणे!

पहिला घाणा. पीठ मळलं, लाटलं, काट्याने टोचलं, ओव्हनमध्ये ठेवलं. म्हणते, "काकू, आत दिवा आहे, काचेतून दिसतं." दिसतं कसलं! माझा चष्मा, त्यावर वाफ, त्यापुढे ती काच, तिच्यावर मागच्या जन्मीचं तेल! उघडल्याशिवाय कळणार कसं? उघडलं. बंद केलं. मग वाटलं, कडेचे राहिले बघायचे. पुन्हा उघडलं. "काकू, गरम हवा जाते हो!" म्हटलं, "जाऊ दे गं, नाहीतरी किती उकडतंय." "आतली म्हणतेय मी!" आता आतली हवा काय नि बाहेरची काय, एकाच घरातली ना? निघाले क्रॅकर. वाकवला की वाकतोय, सोडला की सरळ होतोय! क्रॅकर कसला, चपलेचा तळ! मी स्पष्ट सांगितलं, मी तोंडावर बोलणारी बाई आहे: "हे बघ, राग मानू नकोस, तुझ्या हातालाच कुरकुरीतपणा नाही." काही काही हातांना नसतो. काय करणार!

दुसरा घाणा. त्या वेळी मी चौकटीपलीकडे पाऊल टाकलं नाही, कारण तिने मध्ये खुर्ची आडवी ठेवली होती. निघाले, जाळीवर मांडले, एक मोडून बघितला… कट्! मलाही ऐकू आला, खोटं कशाला बोलू. बरं, एवढं झाल्यावर बाई गेली आंघोळीला. क्रॅकर उघडे! गरमागरम! खिडकी सताड! आता माशी बसली तर? तुम्ही सांगा, शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? मी खुर्ची सरकवली, आत गेले, तिच्या कपाटातला चांगला जाड टॉवेल काढला, आणि तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसे चारी बाजूंनी खोचून ठेवले. ती केस पुसत आली. "हे कोणी झाकलं?" म्हटलं, "मी. आभार मानू नकोस." टॉवेल उचलला… खाली सगळे घामाघूम! ओल्या मोज्यासारखे लोंबतायत! बघितलंत? म्हणजे माशीपासून वाचवले मी, आणि हिचे क्रॅकर घामानेच मेले. असले नाजूक पदार्थ करावेतच कशाला माणसाने? पण मला काय करायचंय म्हणा!

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगायचं राहिलं. कुलूपवाले. वळणावर त्यांचं दुकान आहे, कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवून देतात. माणूस चांगला, पण बोलणं… किल्ल्या घासता घासता शब्दही घासून घासून बारीक झालेत. दिवसाकाठी चार बोलले तर डोक्यावरून पाणी! आणि गंमत बघा, या कुलूपवाल्याच्या घराची जास्तीची किल्ली कुणाकडे? माझ्याकडे! कारण समोरची दार ओढून घेते आणि किल्ली आत विसरते. विश्वास लागतो हो. किल्ली अशी कुणालाही देत नाहीत.

तर तिसरा घाणा शनिवारी सकाळी. मी घरात नव्हते, भाजी आणायला गेले होते, तेवढ्यात हिने उरकून घेतला! चोरासारखा! आले तर सगळे पक्क्या झाकणाच्या डब्यात, डबा कपाटाच्या वर, आणि ही चष्म्याच्या दुकानात कामाला पळालेली. आता हवा कशी होती बघा, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. मला काळजी लागली. म्हटलं, टिकतायत की नाही? किल्ली होतीच. गेले, स्टुलावर चढले, गुडघा दुखत असताना चढले बरं का, डबा काढला, एक खाल्ला. कट्! वा! डबा वर. घरी येऊन जरा पडले, तर डोळ्याला डोळा लागेना. मघाशी कुरकुरीत होते, पण आत्ताचं काय? पुन्हा गेले. कट्. ठीक. मग म्हटलं, आता एवढं चढउतर कशाला, डबा खालीच राहू दे, झाकण नुसतं वर टेकवून ठेवावं, येता-जाता बघता येईल. आले, गेले, बघितलं. चारच्या सुमाराला आवाज जरा बसल्यासारखा वाटला. पाचला घसा पार गेला. सहाला… मुका!

समोरची आली. पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही, आधी डबा. एक उचलला, चावला. काही नाही. दुसरा. काही नाही. आणि मग ती तिथेच खाली फरशीवर बसली हो, ओट्याला पाठ टेकून. रडली-बिडली नाही. नुसतं म्हणाली, "उद्या वन्सं पुन्हा चेन ओढतील." मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "अगं, दुकानातले आण, तुझ्या बशीत ठेव, कोण ओळखतंय?" तर वर बघून म्हणाली, "त्या ओळखतील काकू. आणि मी तर ओळखेनच." घ्या! मार्ग काढून दिला तर तत्त्वज्ञान!

तेवढ्यात कुलूपवाले आले. डब्यात बघितलं. झाकणाकडे बघितलं. स्टुलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "काकू, आमची किल्ली नीट फिरते ना? अडकत नाही ना?" म्हटलं, "छे हो! लोण्यासारखी फिरते! आज दिवसभरात एकदा म्हणून अडकली नाही!" "हं," म्हणाले. बास, "हं." बघा म्हणजे, बायको फरशीवर बसलीय आणि याला किल्लीची पडलीय! पुरुषांची जातच अशी. आमचे हेसुद्धा तसेच.

रविवारी सकाळी बेल. बघते तर कुलूपवाले. "काकू, ताई येतेय. बसथांब्यावर आणायला जाल का? तिला घर सापडायचं नाही." मी म्हटलं, "अहो, इतकी वर्षं येतायत की त्या!" तर म्हणतात, "रस्ता खणलाय." रस्ता रोजच खणलेला असतो! पण म्हटलं, असू दे, मानाचं काम आहे, भलत्यासलत्या माणसाला पाहुणे आणायला पाठवत नाहीत. जाताना म्हणाले, "आणि ती किल्ली द्या, जरा घासून ठेवतो." दिली. जाऊन उभी राहिले. एक बस गेली, दोन गेल्या, माझ्या पायांचे खांब झाले, तेव्हा कुठे बाई उतरल्या. उतरल्या उतरल्या माझ्याकडे बघून म्हणतात, "डावीकडची खालची ठणकते ना?" ठणकते हो! पण भर रस्त्यात सांगायचं का?

घरी आलो. आता ऐका. टेबलावर तीन वाट्या. एक दही-काकडीची, एक भाजलेल्या लाल मिरचीची, एकीत वाटलेले चणे. समोरचीच्या गालाला पीठ, मी बसथांब्यावर तिष्ठत होते तेवढ्यात हिने चौथा घाणा काढलेला! नणंद बसली. पाणी प्यायली. आणि हात गेला पर्सकडे. चेनीचा आवाज… झर्र. अर्धी उघडली. समोरची बशी घेऊन आली, आणि हात असा थरथरतोय, असा थरथरतोय, की बशीतले क्रॅकर एकमेकांवर आपटून वाजायला लागले. खडखड, खडखड! कौलं वाजावीत तसे! नणंदेचा हात चेनीवर थांबला. बाई दातांची डॉक्टर, तिला आवाज कळतो हो. बशीकडे बघितलं. एक उचलला. मी श्वास धरला. कशाला धरला? काही नाही, उगाच.

कट्!

बाईने डोळे मिटले. चावला, गिळला, आणि म्हणते काय? "मीठ जरा कमी आहे." आणि दुसरा उचलला. "जराच," म्हणाली, आणि तिसरा मिरचीच्या वाटीत बुडवला. मीठ कमी, मीठ कमी म्हणत बशी साफ केली! पर्स तशीच मांडीवर, चेन अर्धी उघडी, डबा आतल्या आत. समोरची म्हणाली, "पाणी आणते." पाणी समोरच होतं! आत गेली, ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली, आणि उभ्याउभ्या एक क्रॅकर खाल्ला. त्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीच्या डिपमुळे. तिखट होतं.

पण म्हणून खाऱ्या बिस्किटाला मी काही पक्वान्न म्हणणार नाही. मला डबा भरून दिला तिने, ताजा. नणंदेच्या डब्यातसुद्धा भरून दिले. आणि बघा कशी असते, नणंदेकडे म्हणे आठवडाभर खणखणीत, आणि माझ्याकडे? संध्याकाळपर्यंत मऊ! मी पाचसहा वेळा उघडून बघितलं, दर वेळी आधीपेक्षा मऊ! आमचे हे म्हणतात, "अगं, झाकण लावून ठेव ना." म्हटलं, "झाकण लावलं तर मऊ पडले की नाही ते कळणार कसं?" म्हणजे तिने मला मुद्दाम मऊ पडणारे दिले. दुसरं काय!

आणि त्या कुलूपवाल्याचं तर नावच काढू नका. मोठा कारागीर म्हणे! किल्ली घासून परत दिली, ती कुलपात जाते, पण फिरत नाही! एका किल्लीचं साधं काम, तेवढं धड जमलं नाही. जाऊन सांगितलं, तर म्हणतो, "वापरून वापरून बसेल, काकू." रोज वापरतेय. कुठे बसतेय! आता बेल वाजवावी लागते मला. समोरच्या दाराची बेल! मी! परक्यासारखी! आणि आतून विचारते, "कोण?" कोण म्हणजे? दुसरं आहे कोण तुझं? "मी गं!" मग दार उघडते, कोपरापर्यंत पीठ, दर रविवारी नणंद येते ना आता, खायला! आत पाऊल टाकते न टाकते तोच सुरू, "काकू, तुम्ही जरा बसा हो!" स्वयंपाकघराकडे पाठ येईल अशी खुर्ची असते, आधीच मांडून ठेवलेली.

बसते. काय करणार? मला काय करायचंय म्हणा!