चिभडातल्या चिंध्या

लिवा. पर मी सांगतो तसंच लिवा, तुमच्या पदरचं गोड काय त्यात घालू नका. जलम माझा हितलाच, चौसाळ्याहून आत, चिभडाच्या काठाला. चिभड म्हंजे पानी साचून राहतं ती जमीन, आखाडात भरती, होळीपातुर आटती, भवतीनं समदं बाभळबन. शाळा दुसरी. पुढं कावून न्हाई शिकला असं इचारू नका, शेळ्या होत्या, शेळ्या शिकू देत न्हाईत. जिंदगी त्या बनात गेली, शेळ्या, सरपन, पुन्यांदा शेळ्या.

तुमी पाखरांचं इचाराया आला. मला पाखरं आवडत न्हाईत, आन पाखरं बघनारे तर बिलकूल न्हाईत. काय सांगू तुमाला, पाखरं तिची होती. सुगंधा, माझी मंडळी. चैतात गेली. कावीळ म्हनले, बीडला नेली, आनली ती तशीच आनली.

लगीन होऊन आली तवा पयल्याच पावसाळ्यात बायांसंगं गवत कापाया चिभडात गेलती. हितल्या बाया गुडघाभर पान्यातनं म्हशीला गवत आनतात. हिचा विळा पानकोंबडीच्या खोप्यात गेला, अंडी फुटली. घरी आली ती जेवलीच न्हाई. मी हसलो, म्हनलं घरच्या कोंबडीची खातीस की. म्हनली, ती पाळलेली हाय, ही बसलेली होती, बसलेलीला उठवू नये. तवापून तिची रीत. बायांच्या आधी एकटी आत जायची, खोपा दिसला की जुन्या लुगड्याची चिंधी वरच्या गवताला बांधायची. चिंधीच्या भवती चार हात विळा लावायचा न्हाई. बाया आधी कुरकुरल्या, मग हुकूम असल्यागत मानाया लागल्या. चाळीस सालं ही एकच रीत, आन मी चाळीस सालं हसलो.

जलदान विधी झाला, लोकं गेली, लेक बी युसूफ वडगावला तिच्या घरी निघाली. जाताना म्हनली, आबा, आईची लुगडी कुनाला देऊ नका, दिवाळीला येते, वाकळ शिवते. बरं म्हनलं. नऊ लुगडी होती पेटीत. मग चिभड भरलं, आन शेजारची भागाबाई विळा घेऊन दारात. भावजी, औंदा चिंध्या कोन बांधनार? म्हनलं मला काय इचारता, मला पाखरू कळत न्हाई. मग आमी सरळ कापू का, म्हनली. पेटी उघडली, वरचं लाल लुगडं घेतलं आन फाडलं. लई मोठा आवाज होतो लुगडं फाडताना, तुमी कदी ऐकला नसंल. सात खोपे घावले, सात चिंध्या बांधल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं तिचं काम करतोय.

मग गाड्या आल्या. अगुदर बी यायच्या, पर हिवाळ्यात, बदकं बघाया, काठावरनं बघून जायच्या. औंदा भर पावसाळ्यात आत शिरले. हातभर नळीचे कॅमेरे, मातकट कपडे, आन मलाच सांगतात, काका, शेळ्या लांब न्या, पक्षी घाबरतात. माझ्या बापापून आमी हितं हाव बे, असं तोंडात आलतं. गिळलं. पाव्हन्याला वंगाळ बोलायचं न्हाई, ही तिची ताकीद.

दोन दिसांनी आत गेलो तर चिंधीपातुर वाट पडलेली, बुटांची. खोप्यावरचं गवत दोन्ही अंगानं मोडलेलं, फोटूत आडवं येतं म्हून. अंडी उघडी, उनात, हात लावला तर तापलेली. कोंबडी लांब उभी राहून वरडतीय. दुसऱ्या चिंधीपाशी तेच. तिसरीपाशी नुसती टरफलं, कावळा का मुंगूस कोन जानं.

टोपीवाला होता एक, त्याला गाठला. तुमाला इतके खोपे घावतात कसे? हसला. काका, सोपं आहे, इथं कोणीतरी फार चांगली सोय केलीय, लाल चिंधी दिसली की खाली घरटं. तुम्हीच बांधता का? छान. पुढच्या वर्षीही बांधा.

माझ्या हातात शेळीचं दावं होतं. विळा असता तर हे समदं तुमाला तुरुंगात येऊन लिवावं लागलं असतं. तसाच बांधावर बसलो. माझ्याच हातानं, तिच्याच लुगड्यानं मी वाट दावलती. आता चिंध्या सोडाव्या तर बायांचा विळा, ठिवाव्या तर ह्यांचे बूट.

सकाळी पेटी भाईर वढली. एक फाडलं, दुसरं फाडलं, थांबलो न्हाई. साऱ्या चिभडात बांधल्या, खोपा हाय तिथं, न्हाई तिथं, बाभळीला, बोरीला, कुपाटीला. आठ दिस पायाला जळवा. टोपीवाला कमरेइतक्या चिखलात गेला, चिंधी धरली, खाली बेडूक. दुसरीला गेला, तिथं बी बेडूक. काका, हे काय? म्हनलं, काढ फोटू बेडकाचा.

खरी चिंधी कंची आन खोटी कंची, ते भागाबाईला सांगितलं, तिनं बायांना. तुमाला सांगनार न्हाई. पेन खाली ठिवा. चार खोपे वाचले, पिलं निघाली, परळीच्या कोळशावानी काळी, एवढं लिवा.

दिवाळीला लेक आली, रिकामी पिशवी घेऊन. पेटी उघडून माझ्याकडं बघितलं. तिला काठावर नेलं. वाऱ्यानं समद्या चिंध्या हालत होत्या, लाल, पिवळ्या, लेकीच्या लग्नात घेतलेली जांभळी. म्हनली, आबा, माझ्या अंगावर घ्यायला काय ठिवलं? म्हनलं एक हाय, हिरवं, ते माझ्यानं फाडवलं न्हाई. एका लुगड्याची वाकळ होत न्हाई आबा, म्हनली, आन तशीच रिकाम्या पिशवीनं गाडीत बसली. आता फोन केला की जावई उचलतो.

ते हिरवं पेटीत हाय. पोरीचं हाय, समदं चिभड वस पडलं तरी त्याला हात लावनार न्हाई. येत्या साली माझी धोतरं हायेत की. पांढरी दिसतील, बगळ्यावानी, लांबनं टोपीवाले धावत येतील, येऊ द्या.

तुमच्या बी पिशवीतनं ती नळी दिसतीय, मघापून दिसतीय. पानी हाय तवर चिभडात उतरायचं न्हाई. चहा प्या, निवतोय. मग चौसाळ्याची गाडी धरा, नीट जा, लेकराबाळात सुखी ऱ्हावा.