दादाने दिलेलं सोड्याचं मशीन

नाही, तुम्हीच सांगा, सख्खा भाऊ असा एकाएकी उदार होतो का हो कधी? ज्या माणसाने माझ्या लग्नात स्वतःच्या घरातलं बंद पडलेलं घड्याळ भेट दिलं, तो दारात उभा, हातात हे एवढं खोकं आणि तोंडभर हसू... तिथेच मला संशय यायला हवा होता! मी आपला बावळटासारखा खोकं फोडतोय. आत काय? सोड्याचं मशीन! आणि दादा नाकातून, 'काही अवघड नाही रे, पाणी गार हवं, बाकी काही नको!'

बाकी काही नको म्हणे... खोक्यामागून आई आत आली ना, काठी टेकत! आणि आईमागून तिच्या बॅगा. एक नाही, दोन!

आमच्या आईला सोड्याचा भारी नाद. फसफसणारं काहीही द्या, बाई खूश. दादासोबत आलेली वहिनी तर आवाजात साखर घोळवून, 'आई, आमच्याकडे कुठलं हो असलं मशीन! तुमचे लाडच लाड आता इथे!' आणि चहासुद्धा न घेता दोघं जिना उतरली... उतरली कसली, पळाली!

आता तुम्ही म्हणाल, काय हा मुलगा, जन्मदात्या आईला... म्हणा! दोन खोल्यांचं घर आमचं, आई रात्रभर खोकते, पहाटे रेडिओ ठणाणा लावते, आणि बायकोच्या प्रत्येक भाजीला, 'मीठ विसरलीस का गं?' ठेवता तुमच्याकडे? नाही ना? मग ऐका मुकाट्याने.

मी ठरवलं, दादाच्याच मशीनने आईला दादाकडे परत धाडायची. सोडा असा करायचा, असा करायचा, की म्हातारीने आपण होऊन बॅग भरली पाहिजे! आता मशीनचा नियम काय, तर आत नुसतं पाणी, त्यात गॅस सोडायचा, सरबत नंतर वरून. मी काय केलं? सरबत आधीच ओतलं! पाणी गार हवं, बाकी काही नको काय? घे बाकी! दाबलं बटण... अहो, बाटली अशी उसळली, लाल फेस छताला, पंख्याला, बायकोच्या धुतलेल्या केसांना! बायको किंचाळतेय, मी टेबलाखाली, आणि आई? टाळ्या वाजवतेय हो! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली आणि म्हणते कशी, 'परत कर ना रे!'

छत कुणी पुसलं? मी.

मग दुसरा डाव. पाणी गार हवं ना? मी चांगलं कढत घेतलं! कढत पाण्यात गॅस टिकत नाही, नुसता आंबूस, बेचव, कोमट काढा होतो. ग्लास आईपुढे ठेवला आणि दबा धरून बसलो. प्यायली. पुसलं तोंड. 'छान आहे.' छान?! दुसऱ्या दिवशी आणखी कढत. 'छान आहे.' आठवडा झाला, रोज तेच, आणि रोज संध्याकाळी दादाचा फोन, 'काय रे, पाणी गार घेतोस ना? आई रमली ना?' मागून वहिनीचं खुदुखुदु हसणं... मी दात ओठ खातोय!

शेवटी काल फुटलो. म्हटलं, 'आई, हे असलं गरम पाणी तुला आवडतं तरी कसं? दादाकडे सोड्याच्या थंडगार बाटल्या मिळायच्या की तुला!'

आईने ग्लास खाली ठेवला. शांतपणे, बरं का, आवाज न चढवता. 'कुठल्या बाटल्या? तिथे पाणीसुद्धा माझं मी उठून घ्यायची. अरे, थोरल्याने मशीन आणलं मला इथे टाकायला, तू पाणी तापवतोस मला इथून काढायला. मला का कळत नाही? पण खरं सांगू? तुम्ही दोघांनी माझ्यासाठी एवढी खटपट जन्मात कधी केली नव्हती रे.'

मी खाली मान घालून विचारलं, 'उद्यापासून गार पाण्याचा करून देऊ?'

'दे की,' म्हणाली, 'पण आजचा उरलेला तू संपव.'

संपवला हो. समोर बसून, एकेक घोट मोजून पाजला तिने. शपथेवर सांगतो, इतकं घाण मी आयुष्यात काही प्यायलो नव्हतो... आणि म्हातारी विचारते, 'मीठ घालू का रे थोडं?'